मापाची झूल

वालूरला घोंगड्या विकणाऱ्या म्हाळसाबाईच्या दारात भुजंगराव जमादाराचं डोकं तडकलं होतं. शिपायांनी कुठून तरी वेठीला धरून आणलेलं त्याचं तट्टू ठेंगणं, पण रांजणासारखं पोटाळ. त्याला एकही घोंगडी पुरेना आणि ते लाथा झाडायचं थांबेना.

"घोंगड्या इणता का हातरुमाल?" जमादार खेकसला.

बाई आत गेली आणि दाट विणीची काळी झूल घेऊन आली. ती पाठीवर पडताच तट्टू गपगार उभं राहिलं. झूल अंगाबरोबर बसली.

"न मोजता जमलं? दाम बोल."

"इकायची न्हाई, ह्याचीच हाय. तुमच्या शिपायांनी माझ्या दावणीचं तट्टू सोडून नेलं, तवा झूल तेवढी ऱ्हायली व्हती. आता तीबी न्या."