उजव्या हाताचा ब्रेक

"माझ्या नवऱ्याने तुमच्या मुलीला मारलं नाही," बस ड्रायव्हरची बायको दुकानाच्या दारातच बोलून गेली. वाटेत घोकलेलं बाकीचं सगळं ती विसरली.

सायकलवाल्याने हातातलं चाक खाली ठेवलं. मुलगी जाऊन सोळा दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत माणसं आली, रडली, नको ते सल्ले देऊन गेली. असं तोंडावर बोलणारं मात्र कुणी नव्हतं.

"बसा," तो म्हणाला.

ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डेपोत चौकशी होती. साहेब लोक विचारणार, हा मुलीचा बाप सांगणार, आणि दुपारपर्यंत तिच्या नवऱ्याची नोकरी जाणार. मग कोर्ट आणि तुरुंग. एकवीस वर्षं बस चालवून साधा आरसा न फोडलेला माणूस सोळा दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तो म्हणतो, मी बस हळूच थांब्याकडे घेत होतो. ती सायकलवरून बाजूने चालली होती. तिने ब्रेक दाबला आणि हँडलवरून उलटून ती थेट बसच्या पुढ्यात पडली. ब्रेक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही, दादा. आणि ती त्याला परकी होती का? रोज तुमच्याच घरचं जेवायचा तो."

तेही खरंच होतं. वरच्या खोलीत आई रांधायची आणि मुलगी सायकलवरून डेपोत डबे पोचवायची. ऊन असो, पाऊस असो, तिची वेळ चुकायची नाही. डेपोत तिचं नावच 'साडेअकरा' पडलं होतं. साडेअकरा आली म्हणत ड्रायव्हर-कंडक्टर हात धुवायला पळायचे.

"सायकल बघायची आहे का?" सायकलवाल्याने विचारलं.

तिची तर विचारायचीसुद्धा छाती झाली नव्हती. तिने नुसती मान हलवली.

पोलिसांनी सायकल आदल्या दिवशीच सोडली होती. 'दोन्ही ब्रेक लागतात' एवढं कागदावर लिहून ते मोकळे झाले होते. भिंतीशी पाच-सहा सायकली उभ्या होत्या. बाईने घाईघाईने पुढचीच धरली, थोडी ढकलली आणि उजवा ब्रेक दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं उचललं गेलं आणि सीट तिच्या बरगडीत बसली.

"ती गिऱ्हाइकाची," तो म्हणाला. "सगळ्यांना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तो एकटाच कचकन दाबला की असंच होतं. आमची ही."

त्याने कोपऱ्यातली सायकल पुढे आणली. हँडलपुढची लोखंडी जाळी चेपली होती. बाकी तिला फारसं काही झालं नव्हतं.

"या जाळीत डब्यांची चळत असायची. डावा हात कायम डब्यांवर. ब्रेक दाबायचा तो फक्त उजव्याने, कितीही ओरडलो तरी. शेवटी मीच हात टेकले आणि हिच्या एकटीच्या सायकलीला उलट जोडणी करून दिली. उजव्या हाताला मागचा ब्रेक. मागच्या ब्रेकने कुणी हँडलवरून उलटत नाही. दाबून बघा."

तिने सायकल ढकलली आणि उजवा ब्रेक दाबला. मागचं चाक करकरून थांबलं. तिने पुन्हा ढकलली, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही मागचंच चाक थांबलं. सोळा दिवस ती ज्या शब्दावर विसंबून होती, तो शब्द खोटा ठरला होता.

तरी तिने एकदा हँडलपाशी वाकून पाहिलं. "वायर नवी दिसते."

"अपघाताच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही बदलल्या. मीच."

"घाईत काही राहिलं नसेल ना?"

"तुम्ही आत्ताच दाबून बघितलंत ना?"

तिने पदराने डोळे पुसले, उगीचच माफी मागितली आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"माझ्याशी कधी खोटं बोलला नाही हो तो."

"घाबरलेला माणूस बोलतो," सायकलवाला म्हणाला.

ती बसथांब्याकडे गेली. थोड्या वेळाने त्याची बायको ताट घेऊन खाली आली. भात आणि रस्सा. सोळा दिवसांत तिने पहिल्यांदाच चूल पेटवली होती.

"कोण आलं होतं?"

"ड्रायव्हरची बायको. सायकल बघून गेली."

"बरं केलंत दाखवलीत ते." तिने सीटवरून हात फिरवला, जसा मुलीच्या पाठीवरून फिरवायची तसा. "तो उलटण्याचं सांगत सुटला तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हटलं, आदल्या दिवशीच तुम्ही हात लावला होता सायकलीला. आपल्याच घरातून काही चुकलं असतं, तर मी या घरात राहिले नसते. तुमचं तोंडही बघितलं नसतं."

"रस्सा गार होतोय," तो म्हणाला.

ती वर गेली. पावलं खोलीत पोचेपर्यंत तो थांबला. मग त्याने बाकाखाली राहिलेला पाना काढून, पुसून खिळ्याला अडकवला. काल पोलिसांनी सायकल सोडली तेव्हा तिच्या उजव्या हाताला पुढचा ब्रेक होता, दुकानातल्या इतर सगळ्या सायकलींसारखा. तो डावीकडे न्यायला त्याला वीस मिनिटं लागली होती.