चर्चच्या अंगणातला बर्फ

"राजीनामा? मेलो तरी देणार नाही," हाल्वर एन्गेब्रेट्सन म्हणाला आणि बटाट्याच्या पोळीवर त्याने आणखी लोणी फासलं.

"खा गुपचूप," त्याची बायको इंगा म्हणाली. "नऊला रेडिओवर पोल्का-नाचाची धून लागते. आज उलटी गिरकी शिकायचीय."

हाल्वर आमच्या राज्याचा रस्ते-आयुक्त. लोकांनी पाच वेळा निवडून दिलेला. एकोणीस वर्षांत पठ्ठ्याने एक दिवस रजा घेतली नव्हती, आणि घ्यायची सोयही नव्हती. त्याच्या आधीचा आयुक्त ऐन थंडीत आठवडाभर ऊन खायला फ्लोरिडाला गेला, तर लोक त्याला मरेपर्यंत 'फ्लोरिडाकर' म्हणत राहिले. तेव्हापासून आमच्याकडे आयुक्ताने हिवाळाभर फोनपाशीच बसायचं असतं. येत्या मेमध्ये त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. इंगाची एकच हौस होती, त्या दिवशी नवऱ्याबरोबर नाचायचं. आणि हाल्वरला तर सरळ रेषेत चालायलाही वेळ नव्हता.

मग डिसेंबरात कुणीतरी शपथेवर तक्रार केली. चर्चच्या मासे-जेवणाच्या सकाळी हाल्वरने सरकारची बर्फ लोटायची गाडी पाठवून चर्चचं अंगण साफ करून घेतलं, अशी. गाडी सरकारी, अंगण खासगी. खालच्या सभागृहात विरोधकांचं बहुमत, ते तर टपलेलेच होते. साध्या बहुमताने महाभियोग मंजूर झाला आणि त्याच क्षणी हाल्वर निलंबित. वरच्या सभागृहात खटला चालून निकाल लागेपर्यंत त्याने कचेरीची पायरी चढायची नाही, फोनला हात लावायचा नाही. तिथे तेहतीसपैकी बावीस जण 'दोषी' म्हणाले, की पद गेलं, पुन्हा कुठलंही पद नाही, आणि एकोणीस वर्षांची अब्रू मातीत.

तक्रार कुणाची, हे आमच्याकडे निकालाआधी सांगत नाहीत. नाव मोहोरबंद लिफाफ्यात राहतं. निकाल लागला, की ते सगळ्यांदेखत वाचतात. लिफाफा चांगला जाडजूड होता म्हणे.

"कोण असेल गं हा चहाडखोर?" हाल्वर रोज विचारायचा.

"असेल कुणी भला माणूस."

"भला?"

"दहा आठवडे झाले, तू माझ्यासमोर बसून गरम जेवतोयस. मी तर त्याला केक पाठवणारेय," असं म्हणून इंगा घाईघाईने भांडी घासायला वळली.

खरं सांगायचं तर ते दहा आठवडे दोघं पोरासोरांसारखी खिदळत होती. हाल्वरने तिचे पाय तुडवले, खुर्ची मोडली, पण शेवटी पोल्का जमला. तळ्यावर बर्फाला भोक पाडून दोघांनी मासे धरले. सगळं गाव बघायचं आणि हसायचं.

खटल्याच्या सकाळी मात्र इंगाने रेडिओ लावलाच नाही. "खरंच काढलं तुला तर रे? लोक तोंडावर थुंकतील. मला नाही सहन व्हायचं."

"नाही काढणार."

"तुला काय माहीत?"

"आतून मीही गळाठलोय गं," हाल्वर म्हणाला आणि त्याने तिसरी पोळी घेतली.

वरच्या सभागृहाचा प्रेक्षक-सज्जा गच्च भरला होता. चर्चच्या बायका तर डबे घेऊन आल्या होत्या. मुख्य न्यायाधीश बाई मधोमध बसल्या. खालच्या सभागृहाचा डेल रोझमन आरोप मांडायला उठला.

"गाडी तुम्हीच पाठवलीत?"

"हो, मीच."

"कशाला?"

"लोक घसरून पडू नयेत म्हणून."

"कोण लोक?"

हाल्वरने कोटाच्या खिशातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. "जेवणाच्या दारात तिकिटं दरवर्षी मीच फाडतो. रजईची सोडत असते ना, म्हणून प्रत्येक जण मागे नाव लिहितो. वाचू?"

आणि त्याने वाचली. तेहतीसपैकी बत्तीस सभासद त्या अंगणातून चालत गेले होते. एकेक नाव आलं, की सज्ज्यात हशा पिकायचा. शेवटी तो म्हणाला, "डेल रोझमन. दोनदा."

"दुसऱ्या वेळी मासा संपला होता!" रोझमन ओरडला, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

मतं नाव पुकारून घेतली. निर्दोष, निर्दोष, निर्दोष. 'दोषी' म्हणाला एकच जण, तो मासे न खाणारा.

इंगाला हुंदका फुटला. पण न्यायाधीश बाईंनी लिफाफा उचलला, तशी तिने हाल्वरची बाही गच्च धरली. "हाल्वर, मला तुला काही सांगायचंय. आत्ताच."

"थांब जरा," हाल्वर बुटांकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी मोहोर फोडली. "एकाच गोष्टीबद्दल दोन तक्रारी आहेत. दोन्ही निरनिराळ्या दिवशी आल्यात." त्यांनी चष्मा सारखा केला. "पहिली, इंगा एन्गेब्रेट्सन."

सज्ज्यात एकच गलका उडाला. इंगाने तोंड ओंजळीत लपवलं. "दुसरं काय करणार होते रे मी? तू घरी यायचाच नाहीस! मला वाटलं, नुसती चौकशी होईल, दोन दिवस तरी घरी बसवतील."

हाल्वर तिच्यावर रागावला नाही. डोळे विस्फारून तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आणि दुसरी," बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, "हाल्वर एन्गेब्रेट्सन."