एका फोनची जागा

"उद्या सकाळी मला ऑपरेशनला आत नेणार," बाई फोनवर म्हणाल्या. "तुमचं ते अॅप आज माझ्या फोनवर येईल ना?"

"येईल," छोटीने सांगून टाकलं आणि जीभ चावली.

बुटक्या उंचीमुळे पडलेलं हे नाव तिला कायमचं चिकटलं होतं. तिचं अॅप आवाज गेलेल्या माणसांना त्यांचाच आवाज परत द्यायचं. घशाच्या ऑपरेशनआधी आवाज टिपून ठेवायचा. पुढे फोनवर टाइप केलं की फोन त्याच आवाजात बोलायचा.

शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा आवाज टिपून तयार होता. गाडं अडलं होतं परवान्यापाशी. आवाज घडवणारं मूळ सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं होतं आणि ते ठरावीक फोनांवरच चालायचं. सगळ्या जागा भरलेल्या. मर्यादा वाढवून मागितली, तर कंपनी आठवडे लावणार होती. एक फोन काढला तरच दुसरा घेता येत होता, आणि काढलेला फोन वर्षभर परत घेता येत नव्हता.

म्हणजे कोणाचा तरी आवाज काढून घ्यायचा.

अॅपच्या नोंदींप्रमाणे सगळे रोज बोलणारे होते. फक्त घशाचं ऑपरेशन झालेल्या ड्रायव्हरकाकांचा फोन आठवडाभर गप्प असायचा आणि रविवारी दुपारी तेवढा बोलायचा. आज रविवारच होता. छोटीने त्यांना फोन लावला.

जरा वेळाने काकांचा भरदार आवाज आला. "वापरतो गं मी. काढू नकोस."

छोटी ओशाळली. मग थबकली. काका तिला कायम 'छोटे सरकार' म्हणायचे. आज नुसतं 'गं'?

तिने पायात चपला सरकवल्या. काकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, वर्षाहून जास्त दिवसांत ती तिकडे फिरकली नव्हती.

दार काकूंनी उघडलं, पण उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"काका?"

"झोपलेत."

"आत्ता तर बोलले माझ्याशी."

"मग लागला डोळा. म्हातारं माणूस, त्याचं काय घेऊन बसलीस?" काकू हसल्या, पण नजर छोटीच्या खांद्यावरून जिन्याकडे. "तू उद्या ये ना."

"उद्या उशीर होईल काकू."

तेवढ्यात आत फोन वाजला. काकूंचा चेहरा उतरला. "लेकीचा आहे. थांब इथेच," म्हणत त्या घाईने वळल्या. दार लोटायचं राहून गेलं.

छोटी लेकीला ओळखत होती. बापाच्या आजारानंतर दोनच वर्षांत तिला तोच आजार झाला होता. दूरदेशी असायची, नवऱ्याबरोबर. तिचा आवाजही छोटीनेच टिपला होता, आणि तीही आता अॅपवरच बोलायची, तिकडच्या इस्पितळाच्या परवान्यावर.

आतून काकांचा आवाज आला, "कशी आहेस बाळा?"

छोटीचा जीव भांड्यात पडला. ती परत फिरणार होती. पण फटीतून नजर गेलीच.

पलंगावर काकू एकट्याच होत्या. एक फोन उशीवर, त्यावर लेकीचा कॉल. दुसरा, काकांचा, त्याच्याजवळ धरलेला. काकू एका बोटाने अक्षर न् अक्षर शोधत टाइप करत होत्या.

"आज बरंय बाबा," उशीवरच्या फोनमधून लेक म्हणाली. "दोन घास जास्त गेले."

छोटी आत आली. काकूंनी दचकून पाहिलं, काकांच्या आवाजात लेकीला "थांब हं जरा" म्हटलं आणि उशीवरचा फोन पदराखाली दाबला.

"वर्ष झालं त्यांना जाऊन," त्या कुजबुजल्या. "तेव्हा तिचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाबा यातून उठले तर मीही उठेन, असं धरून बसली होती. मी काय सांगायला हवं होतं? तूच सांग."

छोटी पलंगाच्या कडेला टेकली. "कधी समोर बोलला नाहीत? चेहरा दिसेल असं?"

"आजारी तोंड दाखवायला तिला नको वाटतं. माझ्या पथ्यावरच पडलं ते."

मग छोटीने बाईंचं सांगितलं. उद्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. बाईंची मुलगी अजून अंधाराला घाबरते आणि आईने काहीतरी गुणगुणल्याशिवाय झोपत नाही, तेही सांगितलं. सांगताना स्वतःचाच राग येत होता.

"तिच्या लेकीसाठी माझ्या लेकीच्या जिवाशी खेळू?" काकूंचा आवाज चिरला.

"नका देऊ. मी बाईंना सांगते, जमलं नाही म्हणून."

पण छोटी जागची हलली नाही. काकूही नाही. काकांचा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"गुणगुणते म्हणालीस?" काकूंनी विचारलं.

"हो."

"हे गाडी हाकायचे तेव्हा सगळ्या रस्त्याने गुणगुणायचे. प्रवासी वैतागायचे." काकूंनी डोळे पुसले आणि काकांचा फोन छोटीच्या हातात ठेवला. "घे. मी बोलते तिच्याशी. खोटं किती दिवस रेटायचं?"

त्यांनी पदराखालचा फोन वर घेतला.

"बाळा, मी आई बोलतेय. नीट बसून ऐक. तुझे बाबा नाहीत गं. वर्ष होऊन गेलं. रविवारी तुझ्याशी बोलायची ती मीच. त्यांच्या फोनवर टाइप करून. मला माफ कर. पण तू हिंमत सोडायची नाहीस, ऐकतेस ना?"

पलीकडे काहीच नाही.

लेकीला टाइप करायला वेळ लागणार, हे छोटीला ठाऊक होतं. पण हा वेळ संपता संपेना. काकू फोन कानाशी घट्ट दाबत होत्या. "बाळा? अगं, बोल काहीतरी. रड, पण बोल."

मग कोणीतरी हुंदका आवरल्याचा आवाज आला. पुरुषाचा.

"आई," जावई म्हणाला, "मग आता मीही टाइप करायचं थांबवतो."