पूजेतला कंपायलर

"सर्व्हरवर कंपायलरच नाही, म्हणून माझ्या प्रोग्रॅमला लागणारं पायथनचं एक्स्टेन्शन बसत नाहीये. तेवढा कंपायलर बसवून द्या," सुलक्षणा म्हणाली. पाच वाजता संचालकांपुढे तिच्या प्रोग्रॅमचं प्रात्यक्षिक होतं. नोकरीत कायम व्हायचं ते त्याच्याच जोरावर.

सर्व्हर सांभाळणाऱ्या टिपरेसरांनी त्या लिनक्सच्या खोक्याला झेंडूचा हार घातला. "आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला असतात, बाई. हात लावायचा नसतो."

चारला संचालकांचा निरोप आला: प्रात्यक्षिक टिपरेच देतील, ज्येष्ठ आहेत.

टिपरेसरांच्या अंगात एकदम चपळाई आली. "कंपायलर टाकलाय! आता एक्स्टेन्शन बसवून प्रोग्रॅम सुरू करून द्या. तुमचं नाव घेईन मी, शेवटी."

सुलक्षणाने आपल्या कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"हात लावायचा नसतो, सर."