होडीतली जागा

म्हातारीने मुलीची हनुवटी धरून तिला खिडकीतल्या उजेडाकडे वळवलं.

"अशी जवळ ये ग. मला जवळचंच दिसतं आता. तेही फार दिवस नाही, म्हणतात डॉक्टर."

बिनतारीवाला दाराशीच अवघडून उभा होता. युद्धात तो तुकडीचा बिनतारी संच सांभाळायचा. म्हातारीचा मुलगा त्याच तुकडीत होता, आणि गेला. तेव्हापासून हा दरवर्षी यायचा, गळका नळ, सैल कडी दुरुस्त करून द्यायचा. म्हातारी दरवर्षी एकच मागायची: तुझ्या मुलीला एकदा आण. काही ना काही आडवं यायचं, कधी शाळा, कधी ताप. यंदा त्याला नाही म्हणवलं नाही.

"दूध देते हिला. साखर किती रे?"

"दोन चमचे."

"ती साखर घेत नाही," शेजारी उभी असलेली मुलीची आई हळूच म्हणाली.

म्हातारी खुदकन हसली. "बापांना मेलं काय ठाऊक असतं!"

मग मुलीला कुशीत ओढून तिने मुलाच्या शेवटच्या दिवसाची हकिगत सांगितली. शत्रू पाठीवर, समोर नदी आणि एकच होडी. होडी पार होईपर्यंत कुणीतरी काठावर राहून गोळ्या झाडायच्या होत्या. राहणारा परत येणार नव्हता. मुलंबाळं असलेल्याला असल्या कामाला लावायचं नाही, हा तुकडीचा रिवाज.

"तुझा बाप म्हणाला, मला मुलगी झालीय, अजून तोंडही पाहिलं नाही तिचं. बाकीचेही लेकुरवाळे. माझा एकटाच सडाफटिंग. म्हणाला, जा रे, मी थांबतो." म्हातारीने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "आईला कुणी मोजलंच नाही ग. फार वर्षं राग होता मला तुझा. आज तुला पाहिलं. वाया नाही गेला माझा पोरगा."

बिनतारीवाल्याला हुंदका आवरेना. त्या दिवशी आपण थांबायला हवं होतं, असं त्याला रोज वाटायचं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मुलीने त्याचा हात धरला. "बाबा, रडू नका ना."

"गुणाची आहे रे," म्हातारी म्हणाली.

थांब्यावर तिघंही बसची वाट पाहत होती. बस वळणावर दिसली, तसा मुलीने त्याचा हात सोडला.

"आई, आता या काकांना बाबा नाही म्हटलं तर चालेल ना?"