खुनी माळीच

“खुनी माळीच,” बाईंनी निकाल देऊन टाकला आणि शेवटच्या पानाखाली लाल पेनानं बरोबरची खूण केली. जन्मभर शाळेत वह्या तपासलेला हात तो. रहस्यकथेचं पान असलं तरी खूण केल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. नोकरी संपली तरी ‘बाई’ हे नाव काही सुटलं नव्हतं. नवराही बाईच म्हणायचा.

नवऱ्याला इमारतीतली पोरं पेंग्विनकाका म्हणत. एक तर कॉम्प्युटरवर त्याच्या सिस्टीमचं चिन्ह म्हणून पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं, आणि चालणंही थोडं तसंच. त्या पेंग्विनवाल्या सिस्टीमवर काकांचा भारी जीव. कुणी फुकटची म्हटलं की चिडायचे. “फुकटची नाही, मोकळी. आत हात घालून हवं ते बदलता येतं.”

बाईंची नजर अधू झाली तेव्हा काकांनी खरंच हात घातला. वाचून दाखवतो म्हणाले, तर बाई फणकारल्या होत्या, “मी काय पहिलीतली पोर आहे?” मग काकांनी आठवडाभर खपून रहस्यकथेच्या पुस्तकातलं एकेक प्रकरण टाइप करायचं आणि रविवारी मोठ्या अक्षरात छापून द्यायचं, असं ठरलं. समास किती, दोन ओळींत जागा किती, सगळं त्यांनी स्वतः बसवलेलं. अक्षर वाढवत वाढवत आता पानावर जेमतेम नऊ ओळी मावत. बाई चुकांना लाल गोल करायच्या, इथे काना उडालाय, तिथे ओळ घसरलीय. पाचव्या प्रकरणापासून मात्र एकही गोल नव्हता. जमलं एकदाचं आपल्याला, म्हणून काका स्वतःवर खूश होते.

“माळी?” काका म्हणाले.

माळी तर पाचव्या प्रकरणातच विहिरीत मेलेला सापडला होता. आजचं नववं. नजर अधू झाली ती झाली, आता विसरायलाही लागली की काय?

“का, पटत नाही?”

“पटतंय ना. न पटून सांगतो कुणाला?” असं म्हणत काकांनी पानं फाइलला लावायला उचलली.

पानावर एकही अक्षर नव्हतं. नुसते रिकामे चौकोन, एकापुढे एक, नऊ ओळी. खाली लाल खूण. पुढच्या पानावर चौकोन, खूण. त्याच्या पुढच्यावरही तेच.

काय झालं असणार ते काकांना लगेच कळलं. काल सिस्टीम अपडेट करताना मराठीचा फॉन्ट गेला. अक्षर सापडलं नाही की त्याच्या जागी चौकोन छापला जातो. छापायच्या आधी पडद्यावर पान बघायची सवय त्यांना नव्हतीच. कमांड द्यायची, एंटर दाबायचं, विषय संपला. आणि ट्रेमधली गरम गरम पानं उचलायचा मान बाईंचा.

त्यांनी फाइल मागे चाळली. सातव्या प्रकरणात एक अख्खं वाक्य दोनदा छापलं गेलं होतं. त्याला गोल नाही. अशी चूक बाईंच्या तावडीतून सुटणं शक्यच नव्हतं. सहाव्यात तर खूण समास सोडून ओळींवरच चढली होती. इतके रविवार बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

“चहा टाकू?” बाईंनी विचारलं.

“थांब. आलोच.”

आतल्या खोलीत जाऊन काका कॉम्प्युटरपुढे बसले. हातांनी त्यांचं काम केलं. फॉन्ट परत आणला, अक्षर अजून मोठं केलं, एंटर दाबलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण सवयीनं अक्षराचा आकडा वाढवला. भिंतीएवढं अक्षर केलं तरी आता काय उपयोग? आपलं मन राखायला ही चौकोनांवर खुणा करत बसली. त्यांना रडू आलं, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

तोंड पुसून ते बाहेर आले.

“बाई, प्रिंटर बसला.”

“तुमचा प्रिंटर? बसला?”

“हो ना. आता काही दुरुस्त होईलसं दिसत नाही. जुना झाला, आपल्यासारखा. यापुढे मीच वाचून दाखवत जाईन म्हणतो. तेवढं चालवून घे.”

बाई काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीत घरघर सुरू झाली. जुना प्रिंटर, तापायला वेळ घ्यायचा. एक पान बाहेर पडल्याचा आवाज आला. मग दुसरं. काका होते तिथेच उभे राहिले.

बाईंचे कान तिखट होते. त्यांनी पेनाचं टोपण मांडीवर चाचपून शोधलं आणि दुसऱ्या खेपेला ते पेनावर नीट बसवलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माळी जिवंत आहे ना?”

“नाही. पाचव्यातच गेला तो.”

आत पानं पडतच होती. बाईंनी हातानं शेजारची खुर्ची चाचपली आणि जवळ ओढली.

“मग पाचव्यापासून वाचा.”