आधी बसायचं

"काका, तुम्ही रडतच नाही. मग मी पाणी कधी द्यायचं?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना माणसांशी बोलायला शिकवण्याचा हा तास. आजचा धडा, नातेवाइकाला मृत्यू कसा सांगावा.

नातेवाईक व्हायला एक शिंपी यायचा. त्याची बायको याच इस्पितळात गेली होती. दर सोमवारी तो पुढच्या खुर्चीत बसे आणि एकेक पोर येऊन त्याला सांगे, तुमची पत्नी गेली.

का येतो, ते त्याने डॉक्टरांना एकदाच सांगितलं होतं. बायको खरोखर गेली तेव्हा कुणी सांगितलंच नाही. चहा घेऊन वर आला, तर तिच्या रिकाम्या खाटेवर नवी चादर होती.

"पुन्हा कर," डॉक्टर पाण्याचं विचारणाऱ्या मुलीला म्हणाले. "आधी बसायचं. उभ्या उभ्या सांगायचं नाही. आणि घड्याळाकडे बघायचं नाही."

मुलगी बसली. खुर्ची जवळ ओढली. "काका, वाईट बातमी आहे. काकू गेल्या." पुढचं वाक्य ती विसरली. नुसती बघत राहिली.

शिंप्याने मान हलवली. "हं," तो म्हणाला. "असं."

तेवढ्यात सर्जरीच्या सरांनी दारातून डोकं आत घातलं. "झाल्या का गप्पा? पोरं पाठवा, राऊंड खोळंबलाय."

बाकं भराभर रिकामी झाली. मुलगीही उठली. "सर, हे परीक्षेला येतं का हो?" जाता जाता कुणीतरी विचारलं आणि उत्तराला थांबलं नाही.

डॉक्टरांनी पंखे बंद केले, दिवे बंद केले. दारापाशी जाऊन मग ते वळले.

"काका, पुढच्या सोमवारपासून येऊ नका. हा तास सर्जरीला दिलाय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "वरूनच ठरलंय. माझं कोण ऐकतं?"

शिंपी उठला नाही. मुलीची खुर्ची त्याने पायाने पुढे सरकवली.

"बसा की डॉक्टर. बसून सांगा."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली.

"कुलूप लावायचंय, काका."